अडीच लाखांचे तीन तुकडे

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की नमस्काराच्या आधी प्रश्न येतो, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. उत्तर फुटांत द्यायचं असतं. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. त्याच्या वर आकडा गेला की आमच्या सांगलीवाडीत बोलणी थांबतात आणि सामान माळ्यावर चढायला लागतं.

माझे चुलते, आप्पा, हा आकडा वहीत लिहून ठेवतात. २००५च्या पुरात त्यांनी पहिलं पान लिहिलं, तेव्हापासून एकही पावसाळा चुकवला नाही. तारीख, वेळ, आयर्विन पुलाची पातळी, कोयना आणि अलमट्टी धरणांतून सोडलेलं पाणी म्हणजे विसर्ग, आणि शेवटी शेरा. शेरे वाचण्यासारखे आहेत. "म्हसरं वर हलवली." "बोअरच्या पेटीपर्यंत आलं." "रात्रभर कुत्री ओरडत होती, पाणी मात्र दोन बोटं उतरलं."

मी पोटापाण्यासाठी बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची बिलं काढणारं सॉफ्टवेअर लिहितो. पायथन ही भाषा आणि तिच्यात वेबसाइट बांधायचं जँगो हे साधन, हा रोजचा व्यवहार. एका मे महिन्यात काम जरा सैल होतं, तेव्हा मनात आलं की ही वही एका वेब पानावर आणावी आणि वर पातळीचा आलेख दाखवावा. शनिवार-रविवारचं काम, असं घरात सांगितलं. जूनचा दुसरा आठवडा उजाडला तरी मी त्यातच होतो.

वही टाइप करण्याचं काम माझा पुतण्या आणि मी वाटून घेतलं. नोंदी डेटाबेसात गेल्या, पानावर तक्ता आला. आप्पांनी तक्ता बघून मान डोलावली. मग आलेखाची पाळी. चार्ट जेएस हे ब्राउझरमध्ये आलेख काढणारं जावास्क्रिप्टचं साधन निवडलं, कारण फुकट आहे, हलकं आहे आणि एका कॅनव्हासवर चार ओळींत रेघ काढून देतं. पातळ्यांची यादी व्ह्यूमधून, म्हणजे डेटा गोळा करणाऱ्या पायथनच्या भागातून, टेम्प्लेटला, म्हणजे पानाच्या साच्याला दिली, तारखांची यादी दिली, आणि स्क्रिप्टमध्ये जिथे डेटा हवा तिथे दुहेरी महिरपी कंसात नावं टाकली. बिलात ग्राहकाचं नाव छापताना मी वर्षानुवर्षं हेच करत आलोय.

पान उघडलं. तक्ता दिसला, आलेखाच्या जागी पांढरं. ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या कन्सोलमध्ये लाल ओळ होती: अनएक्स्पेक्टेड टोकन, आणि पुढे अँपरसँडची (&) खूण. मी काही अँपरसँड लिहिला नव्हता. पानाचा सोर्स उघडला तेव्हा कळलं. तारखांच्या भोवती पायथनने लावलेली एकेरी अवतरणचिन्हं जँगोने एचटीएमएलच्या सांकेतिक रूपात बदलली होती. टेम्प्लेट जे काही छापतं ते आधी निरुपद्रवी करून छापतं, हा जँगोचा नियम. नियम चांगलाच आहे, त्याच्या जिवावर आपण निवांत झोपतो. पण स्क्रिप्ट टॅगच्या आत ब्राउझर ते सांकेतिक रूप परत उलगडत नाही. त्यामुळे जावास्क्रिप्टच्या हातात पडला तो नुसता पाला.

यावर इंटरनेटवर सर्वांत आधी सापडणारा उपाय म्हणजे सेफ नावाचा फिल्टर. पाइपची खूण टाका, सेफ लिहा, झालं. मीही लिहिलं. नाव फसवं आहे. वाटतं की हा मजकूर सुरक्षित करील, पण प्रत्यक्षात तो जँगोला एवढंच सांगतो, "हे मी तपासलंय, तू हात लावू नकोस." आणि मी तर काहीच तपासलेलं नव्हतं.

आता नवी तक्रार: डेसिमल इज नॉट डिफाइन्ड. सोर्समध्ये बघितलं तर पातळीच्या जागी ४१.५० नव्हतं, डेसिमल हा शब्द, कंस, आणि कंसात अवतरणांसकट आकडा. पायथन आपल्या यादीचं वर्णन जसं पायथनमध्ये करतो तसंच ते उतरलं होतं. मी व्ह्यूमध्ये सगळ्याचे फ्लोट, म्हणजे साधे दशांश आकडे केले. मग नन इज नॉट डिफाइन्ड. वहीत ज्या दिवशी नोंद नाही तिथे पायथनचा नन होता, आणि जावास्क्रिप्टला नन माहीत नाही, तिच्याकडे त्याला नल म्हणतात.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. नन असेल तिथे शून्य टाक, असा एक शॉर्टकट मी मारला. आलेख आला! जवळ जाऊन बघतो तर २०१९च्या ऑगस्टमध्ये, ज्या दिवसांत अख्खं गाव पाण्याखाली होतं, त्याच दिवसांत आयर्विन पुलाखाली कृष्णा शून्य फुटांवर. कोरडी ठणठणीत.

ते तसंच ठेवून झोपलो, पण झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी वाटलं, टेम्प्लेटमध्ये एवढी स्क्रिप्ट बरी दिसत नाही, वेगळ्या फाइलमध्ये हलवावी. हलवली. आलेख पुन्हा गायब. स्टॅटिक फाइल टेम्प्लेटच्या यंत्रातून जातच नाही, ती जशीच्या तशी ब्राउझरला मिळते, त्यामुळे माझे महिरपी कंस तसेच्या तसे पोचले होते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शिकवणीला येणाऱ्या पोरांना मी स्वतः हे सांगितलंय. मग स्क्रिप्ट परत पानात आणली, पण मूळ टेम्प्लेटच्या ब्लॉकबाहेर चिकटवली, आणि एक्स्टेंड करणाऱ्या, म्हणजे दुसऱ्यावर बेतलेल्या टेम्प्लेटमध्ये ब्लॉकबाहेरचं सगळं जँगो मुकाट्याने टाकून देतं. चूकही दाखवत नाही. यात एक अख्खी दुपार गेली, तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता विसर्गाचा आलेख. तक्त्यात आप्पांना विसर्ग आपल्या पद्धतीने हवा होता, २,५०,००० असा, लाखाच्या जागी स्वल्पविराम. जँगोत याची सोय आहे. सेटिंग्जमध्ये हजारांचा विभाजक चालू करायचा आणि आकड्यांचे गट तीन, दोन, शून्य असे सांगायचे, की मग आधी तीन आकड्यांचा गट पडतो आणि पुढे दोन-दोनांचे. तक्ता सुंदर दिसायला लागला. आलेखासाठी या वेळी मी यादी अख्खी छापली नाही. अवतरणांचं झेंगट नको म्हणून टेम्प्लेटमध्येच फॉर लूप लावला आणि एकेक आकडा स्वल्पविराम देत छापला.

आलेख आला तो करवतीसारखा. जरा वर, खूप वर, तळाला, जरा वर, खूप वर, तळाला. अलमट्टीचा विसर्ग कुठेच हजाराच्याही वर नाही. आणि महिनाभराच्या तारखा असूनही रेघ फक्त पहिल्या दहा दिवसांची माहिती सांगतेय हे मला फार उशिरा कळलं. मी डेटा तपासला, बरोबर. क्वेरी तपासली, बरोबर. तक्ता तर डोळ्यांसमोर होता, बरोबरच होता. शेवटी पुन्हा सोर्स उघडला, आणि तिथेही सगळं बरोबर दिसत होतं: २,५०,००० मग स्वल्पविराम, २,७५,००० मग स्वल्पविराम.

मी वाचत होतो अडीच लाख. जावास्क्रिप्ट वाचत होती दोन, पन्नास, शून्य.

प्रत्येक आकड्याचे तीन तुकडे झाले होते आणि प्रत्येक तुकडा एक स्वतंत्र दिवस बनून बसला होता. तीन शून्यं एकत्र आली तर जुन्या धाटणीची जावास्क्रिप्ट ती निमूट शून्य म्हणून घेते. स्ट्रिक्ट मोड, म्हणजे तिची कडक शिस्त, चालू असता तर तिथेच चूक दिसली असती आणि माझे तीन तास वाचले असते. गंमत अशी की यादी अख्खी छापली असती तर हे झालंच नसतं, कारण जँगो स्वल्पविराम लावतं ते सुटा आकडा छापताना, यादीच्या पोटात शिरून नाही. म्हणजे मी सावधगिरी म्हणून लूप लावला, आणि त्या लुपानेच घात केला.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे ते मला इथे नीट उमगलं. टेम्प्लेट चालतं तेव्हा ब्राउझर जागा झालेला नसतो, आणि ब्राउझर जागा होतो तेव्हा पायथन आपलं काम आटपून गेलेला असतो. दोघांची भेटच होत नाही. मधे उरतो तो नुसता मजकूर. पायथनची यादी ब्राउझरकडे जात नाही, यादीचं लिखित वर्णन जातं, आणि वाचणारा ते आपल्या नियमांनी वाचतो. त्यामुळे दोघांनाही एकाच अर्थाने वाचता येईल असं लिहिणं भाग आहे. असं लिहिण्याची रीत म्हणजे जेसन.

पायथनच्या जेसन लायब्ररीने यादी लिहून घ्यायची आणि सेफ लावून छापायची, इथवर मी आलो. ननचा नल झाला, अवतरणं दुहेरी झाली, आकडे अखंड राहिले. मला वाटलं सुटलो. मग टूलटिपमध्ये, म्हणजे आलेखावर बोट ठेवल्यावर उघडणाऱ्या चौकटीत, आप्पांचे शेरे दाखवायचे ठरवलं, आणि पुतण्या मदतीला आला. तो डिप्लोमाला आहे. त्या आठवड्यात त्यांना वेब सिक्युरिटीचं एक प्रकरण शिकवलं होतं. मी चहाला उठलो तेवढ्यात त्याने एका शेऱ्यात "पाणी पायरीला लागलं" याच्या पुढे स्क्रिप्टचा बंद होणारा टॅग टाइप केला आणि शहाण्यासारखा बाजूला बसला.

पान फुटलं. अर्धी स्क्रिप्ट अक्षरांच्या रूपात पडद्यावर सांडली. ब्राउझर आधी एचटीएमएल वाचतो, जावास्क्रिप्ट मग. बंद होणारा टॅग दिसला की तो स्क्रिप्ट तिथेच संपवतो, मग तो टॅग अवतरणांच्या आत असो की बाहेर. याच वाटेने कुणी खोडसाळ माणूस आपली स्वतःची स्क्रिप्ट आत घुसवू शकतो. शेरे लिहायची मुभा मी उद्या गल्लीतल्या चार जणांना देणार होतो.

"काका, जेसन स्क्रिप्ट नावाचा फिल्टर आहे की," पुतण्या म्हणाला.

होता. २०१८मध्ये जँगोच्या २.१ आवृत्तीपासून होता, आणि मी जुन्या सवयीने त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. पायथनची वस्तू जशी आहे तशी त्याला द्यायची आणि एक आयडी सांगायचा. तो एक वेगळा स्क्रिप्ट टॅग छापतो, ज्याचा प्रकार जेसन असतो, त्यामुळे ब्राउझर तो चालवायला जात नाही, नुसता ठेवून घेतो. आतले कोनाचे कंस आणि अँपरसँड तो युनिकोडच्या सांकेतिक आकड्यांत लिहितो, म्हणजे टॅग तिथे बंद होण्याचा प्रश्नच येत नाही. मग आपल्या स्क्रिप्टमध्ये त्या आयडीचा मजकूर उचलायचा आणि जेसन पार्स करायचा. आणि ही स्क्रिप्ट आता खुशाल वेगळ्या स्टॅटिक फाइलमध्ये राहू शकते, कारण तिच्यात एकही महिरपी कंस उरत नाही. माझे पाच-सहा घोळ दोन ओळींत मिटले. पुतण्याला त्या दिवशी मारुती चौकात नेऊन भेळ दिली.

एक बारीक खोच मात्र राहिली. हा फिल्टर डेसिमल आकडे अवतरणांत घालून पाठवतो. चार्ट जेएस ते आकडे म्हणून चालवून घेतं, पण मी अक्षाची वरची मर्यादा म्हणून शेवटच्या पातळीत ५ मिळवले होते. ४२.१० या मजकुराला ५ चिकटून ते झाले ४२.१०५, आणि रेघेचा माथा छपराला जाऊन लागला.

तर अशी रेघ उभी राहिली. आप्पांना लॅपटॉपसमोर बसवलं. ४० आणि ४५ला आडव्या रेघा होत्या, पिवळी आणि तांबडी. आकडे मराठीत होते. चार्ट जेएसला लोकेल म्हणून मराठी सांगितलं की अक्षावर आपोआप देवनागरी अंक येतात, ते त्यांना फार आवडलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"हितं पाणी खाली कसं आलं?"

बोट होतं २०२१च्या जुलैवर. रेघ चढत चढत ४२.९ला गेली होती, मग एकदम ४२.१ला आपटली, तिथून जराशी वर, आणि मग उडी मारून ४३.

"उतरलं असेल थोडा वेळ," मी म्हणालो.

"लेका, त्या रात्री मी घाटावर हुतो. एक बोट उतरलं न्हाई." त्यांनी वही मागवली. पान काढलं. वहीत होतं ४२.९, मग ४२.१०, मग ४२.११, मग ४३. "ह्यो घे. नऊ इंच, धा इंच, अकरा इंच, मग त्रेचाळीस. पाणी इंचावर चढतंय, तुझ्या पॉइंटावर न्हाई."

मी गप्प झालो. आप्पांचा टिंब हा दशांशाचा टिंबच नव्हता. फूट एका बाजूला, इंच दुसऱ्या बाजूला, आणि मधे ओळखीपुरती खूण. इतके दिवस मी जावास्क्रिप्टला हसत होतो की तिला अडीच लाख वाचता येत नाहीत. ते वीस वर्षांचं हस्ताक्षर मी स्वतः चुकीचं वाचून डेटाबेसात कोंबलं होतं. तक्त्यात ते कधीच दिसलं नसतं, कारण तक्ता वाचणारा माणूस आप्पांसारखाच वाचतो. रेघ काढली म्हणून उघडं पडलं.

दुरुस्ती सोपी असेल असं वाटलं: टिंबाच्या पुढचे अंक वेगळे काढा, बाराने भागा. पण ४२.१ म्हणजे एक इंच आणि ४२.१० म्हणजे दहा इंच, आणि दोन दशांश स्थळांच्या रकान्यात डेटाबेसने दोघांनाही ४२.१० करून ठेवलं होतं. कुठला एक आणि कुठला दहा, हे आता फक्त वहीलाच माहीत. पुतण्या आणि मी दोन रात्री बसून तेवढ्या नोंदी पुन्हा तपासल्या. फूट आणि इंच असे दोन पूर्णांकी रकाने केले, इंचाला ११ची मर्यादा घातली, आणि आलेखाला फूट अधिक बारावा भाग असा आकडा पाठवला. टूलटिपमध्ये मात्र त्याचे परत फूट-इंच करून दाखवले. रेघ गुळगुळीत झाली, खऱ्या नदीसारखी.

वेळेचाही एक घोळ आप्पांनीच पकडला. तक्त्यात सकाळचे ७, आलेखावर रात्रीचा दीड. डेटाबेसात वेळ ग्रीनिचची असते. टेम्प्लेट ती छापताना आपल्या वेळेत बदलून घेतं, पण मी व्ह्यूमध्ये हाताने तिचा मजकूर केला होता, तिथे कोण बदलणार? साडेपाच तास मागे. जँगोच्या लोकलटाइम फंक्शनने एका ओळीत सुटलं. फोनवर आलेख आपोआप लांब लांब होत खाली घसरायचा, तेही कॅनव्हासच्या डब्याला ठरावीक उंची दिल्यावर थांबलं.

पहिला मोठा पाऊस आला तेव्हा पान सुरू होतं. आप्पा फोन घेऊन ओसरीत बसले, आणि पाच मिनिटांत हाक आली. आलेख उघडत नव्हता. पावसात आमच्याकडे रेंजचं असंच असतं, चार्ट जेएसची फाइल उतरेपर्यंत माणसाचा धीर सुटतो. "रेघ नंतर येऊ दे रं. किती हाय आणि चढतंय का उतरतंय, तेवढं वर मोठ्या अक्षरात लिही." तेवढं लिहिलं. टेम्प्लेटमध्ये एक ओळ: अमुक फूट, तमुक इंच, चढते. जावास्क्रिप्टचा संबंधच नाही. गल्लीतले बहुतेक जण ती एकच ओळ वाचून पान बंद करतात.

२०१९चा खड्डा तेवढा राहिला होता. शून्य काढून मी तिथे नल जाऊ दिला होता, त्यामुळे रेघ तुटायची आणि काही दिवसांनी पुढे पुन्हा सुरू व्हायची. चार्ट जेएसमध्ये स्पॅन गॅप्स नावाचा पर्याय आहे, तो चालू केला की तुटलेली टोकं सरळ रेघेने जोडली जातात. करून बघितलं. पण तसं जोडल्यावर पुराचा माथाच नाहीसा होत होता, नुसता एक उतार दिसायचा. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं हे जगजाहीर आहे. मी आप्पांना म्हणालो, ते दिवस बाहेरच्या आकड्यांनी भरू का?

त्या दिवसांत वही माळ्यावर होती, आणि आप्पा बोटीतून पलीकडे नेलेल्या माणसांत होते. त्यांनी पान उलटून कोऱ्या ओळी बघितल्या.

"मी लिवलं न्हाई ते माझ्या रेघेत नगं. येगळं दाव."

स्पॅन गॅप्स बंद केलं. रेघ तुटलेलीच ठेवली, आणि त्या खड्ड्याच्या वर, दुसऱ्या रंगात, एक सुटा ठिपका ठेवला. त्याच्या टूलटिपमध्ये शेऱ्याच्या जागी लिहिलंय, "वहीबाहेरची नोंद".